लेसरचा डाग : फोटोरिफ्रॅक्टिव्ह स्फटिकांची ओळख

फर्स्ट इयरला अप्लाइड फिजिक्समध्ये लेसर आणि होलोग्राफी हे प्रकरण आपण सगळ्यांनीच केलंय. म्हणजे रुबी लेसरची आकृती काढली, पॉप्युलेशन इन्व्हर्जनवर चार मार्कांचं उत्तर पाठ केलं आणि पेपर झाल्यावर विसरूनही गेलो. त्या अख्ख्या प्रकरणात एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली असते. प्रकाश काचेतून गेला तर वाकतो तो प्रकाश, काच आहे तशीच राहते. मी ज्या पदार्थांबद्दल लिहिणार आहे ते हा शिरस्ता पाळत नाहीत. त्यांच्यातून प्रकाश गेला की त्यांचा वक्रीभवनांकच बदलतो. प्रकाश बंद केल्यावरही काही काळ तो बदललेला राहतो, आणि पाहिजे तेव्हा पुसून पुन्हा पहिल्यासारखा करता येतो. यांना फोटोरिफ्रॅक्टिव्ह स्फटिक म्हणतात. मराठीत 'प्रकाश-अपवर्ती' वगैरे शब्द करता येईल, पण लॅबमध्ये तो कुणी वापरत नाही, म्हणून मीही वापरत नाही.

या परिणामाचा शोध तक्रारीच्या रूपात लागला. साल १९६६. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये आर्थर अ‍ॅश्किन आणि त्यांचे सहकारी लिथियम नायोबेट नावाच्या स्फटिकावर काम करत होते. हा स्फटिक लेसरच्या प्रकाशाची वारंवारता दुप्पट करू शकतो, म्हणून त्या काळी त्याच्याकडून फार अपेक्षा होत्या. पण त्यातून बारीक केलेला किरण सोडला की थोड्याच वेळात किरणाची गोलाई बिघडायची, तो फाटल्यासारखा पसरायचा. स्फटिक बाहेर काढून पाहावा तर ना तडा, ना जळल्याची खूण. शिवाय तोच स्फटिक चांगला दीड-पावणेदोनशे अंश सेल्सिअसपर्यंत तापवला की पुन्हा ठणठणीत. त्या मंडळींनी याला 'ऑप्टिकल डॅमेज' म्हटलं, आणि लेसरवाल्यांमध्ये हे नाव आजही चालतं. (हेच अ‍ॅश्किन पुढे प्रकाशाच्या चिमट्यासाठी २०१८ सालच्या नोबेलचे मानकरी झाले, वयाच्या ९६व्या वर्षी. पीएल लवकर संपते म्हणून रडणाऱ्यांनी नोंद घ्यावी.)

दोनच वर्षांनी, १९६८ मध्ये, बेल लॅब्जच्याच चेन, लामाकिया आणि फ्रेझर यांनी या 'डॅमेज'चा वापर करून लिथियम नायोबेटमध्ये होलोग्राम साठवून दाखवला. प्रकाश पडेल तिथे डाग पडत असेल, तर हव्या त्या नक्षीचा प्रकाश पाडून हव्या त्या नक्षीचा डाग का पाडू नये, असा साधा सरळ विचार.

आता आत नेमकं काय होतं ते बघू. पुस्तकात याला बँड ट्रान्सपोर्ट मॉडेल म्हणतात आणि १९७९ मध्ये कुख्तारेव्ह आणि सहकाऱ्यांनी मांडलेली समीकरणं पहिल्या पानावर देऊन वाचणाऱ्याला घाबरवतात. मला ते कळलं हॉस्टेलच्या हिशोबाने.

एक लांबलचक कॉरिडॉर घ्या. एक खोली सोडून एका खोलीत ट्यूबलाइट चालू आहे. ज्या खोलीत उजेड, तिथल्या पोरांना झोप लागत नाही. ती उठतात, कॉरिडॉरमध्ये भटकतात आणि जिथे अंधार सापडेल तिथे जाऊन आडवी होतात. अंधारात आडवा झालेला पोरगा उठत नाही, कारण त्याला उठवायला उजेडच नाही. उजेडाच्या खोलीत आडवा झालेला पुन्हा उठवला जातो. तासाभराने रेक्टर मोजणीला आले तर काय दिसेल? उजेडाच्या खोल्या ओस आणि अंधाराच्या खोल्या गच्च. स्फटिकात पोरं म्हणजे इलेक्ट्रॉन, आणि खोल्या म्हणजे अशुद्धीचे अणू. लिथियम नायोबेटमध्ये मुद्दाम लोह मिसळतात. दोन इलेक्ट्रॉन गमावलेला लोहाचा अणू प्रकाश पडला की आणखी एक इलेक्ट्रॉन सोडतो, आणि तीन गमावलेला अणू भटकणारा इलेक्ट्रॉन पकडतो. हे लोहाचं प्रमाण अगदी अल्प असतं, पण काम तेच करतं.

दोन लेसर किरण एकमेकांवर तिरपे पाडले की इंटरफिअरन्समुळे उजेड-अंधाराचे समांतर पट्टे तयार होतात. म्हणजे आपला कॉरिडॉर तयार झाला. उजेडाच्या पट्ट्यातून इलेक्ट्रॉन निघून गेल्यामुळे तिथे धन प्रभार उरतो, अंधाराच्या पट्ट्यात ऋण प्रभार साचतो. प्रभार असे वेगळे झाले की त्यांच्यामध्ये विद्युत क्षेत्र आलंच. आणि लिथियम नायोबेट, बेरियम टायटनेट या जातीच्या स्फटिकांत विद्युत क्षेत्र आलं की वक्रीभवनांक बदलतो. हा पॉकेल्स परिणाम, १८९३ सालापासून माहीत असलेला. म्हणजे प्रकाशाची नक्षी आधी प्रभाराची होते, मग क्षेत्राची आणि शेवटी वक्रीभवनांकाची. व्हायव्हात हा क्रम विचारला तर याच ओळीत सांगायचा. मधली एक पायरी गाळली तरी एक्स्टर्नल तिथेच पकडतात.

सगळ्या खोल्यांत सारखाच उजेड केला तर? सगळेच उठतात, भटकतात, आणि हळूहळू पोरं सगळीकडे सारखी वाटली जातात. नक्षी पुसली. बेल लॅब्जचा डाग तापवल्यावर जायचा तोही यामुळेच, फक्त तिथे उजेडाऐवजी उष्णतेने सगळ्यांना हलवलेलं असतं.

इथे एक बारकावा आहे आणि माझ्या मते सगळ्या विषयाचा जीव त्याच्यात आहे. हा परिणाम प्रकाशाच्या तीव्रतेवर कमी आणि उजेड-अंधाराच्या फरकावर जास्त अवलंबून असतो. तीव्रता कमी असली तर नक्षी उमटायला वेळ जास्त लागेल, पण शेवटी उमटेल जवळपास तेवढीच गडद. (अगदीच मंद प्रकाशाला हे लागू नाही, कारण अंधारातही थोडी गळती चालू असते.) केर परिणामाने वक्रीभवनांक बदलायचा तर प्रचंड ताकदीचे लेसर लागतात. इथे काही मिलिवॅटवर काम भागतं. पाच मिलिवॅटचा एक मिलिमीटर व्यासाचा किरण घेतला तरी प्रत्येक चौरस सेंटिमीटरला ०.६ वॅटच्या वर तीव्रता मिळते, आणि तेवढी पुरते. म्हणूनच हा विषय आपल्यासारख्या कॉलेजच्या लॅबमध्येही येऊ शकतो. मोठा लेसर नसला तर धीर असावा लागतो, एवढंच.

आकडे घालून बघू, कारण आकड्यांशिवाय इंजिनीअरचं समाधान होत नाही. हिरवा लेसर, तरंगलांबी ५३२ नॅनोमीटर, दोन किरणांमधला कोन ३० अंश. पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे तरंगलांबी भागिले अर्ध्या कोनाच्या साइनची दुप्पट. उत्तर येतं १.०३ मायक्रॉन, म्हणजे एक मायक्रॉनच धरा. इलेक्ट्रॉन निव्वळ भटकण्याने, म्हणजे डिफ्यूजनने, जास्तीत जास्त किती क्षेत्र उभं करू शकतात? खोलीच्या तापमानाला बोल्ट्झमान स्थिरांक गुणिले तापमान भागिले इलेक्ट्रॉनचा प्रभार हे २६ मिलिव्होल्ट होतात. (डायोडच्या समीकरणात भेटतात तेच हे २६ मिलिव्होल्ट.) त्याला दोन पाय भागिले एक मायक्रॉन याने गुणलं की मीटरला १ लाख ६० हजार व्होल्ट, म्हणजे सेंटिमीटरला १६०० व्होल्ट. कुठेही वायर जोडलेली नाही, पॉवर सप्लाय नाही, आणि स्फटिकाच्या आत हे क्षेत्र बसलंय!

आता वक्रीभवनांकातला बदल म्हणजे अर्धा गुणिले वक्रीभवनांकाचा घन गुणिले पॉकेल्स गुणांक गुणिले क्षेत्र. लिथियम नायोबेटसाठी वक्रीभवनांक २.२ आणि गुणांक व्होल्टला ३१ पिकोमीटर. उत्तर लाखात अडीच भाग. एवढ्याशा बदलाने काय होणार, असं वाटेल. पण प्रकाश या जाळीतून एक-दोन नाही, हजारो तरंगलांब्या चालत जातो. पाच मिलिमीटर जाडीचा स्फटिक घेतला आणि कोगेलनिकच्या १९६९च्या सूत्रात हे आकडे टाकले तर जवळजवळ निम्मा प्रकाश या न दिसणाऱ्या जाळीवरून वळतो. बदल लाखात पाच भाग झाला तर ९९ टक्के. कागदावरचा हिशोब आहे, पट्टे आदर्श धरलेत, तरी अंदाज यायला पुरे.

लोह मिसळलेल्या लिथियम नायोबेटमध्ये अजून एक प्रकार चालतो. त्यात इलेक्ट्रॉन सगळ्या दिशांना सारखे भटकत नाहीत. प्रकाशाने सुटले की स्फटिकाच्या अक्षाच्या एकाच बाजूला ढकलले जातात. बेल लॅब्जच्या ग्लास आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये हा परिणाम मोजला, आणि क्षेत्र सेंटिमीटरला लाख व्होल्टच्या घरात जाऊ शकतं असं दाखवलं. वरच्या हिशोबातल्या १६०० व्होल्टशी ताडून बघा.

आमच्या बीईच्या प्रोजेक्टला असाच एक स्फटिक मिळाला होता. सरांच्या ओळखीने, एका संशोधन संस्थेकडून, तीन आठवड्यांच्या परतीच्या बोलीवर. करंगळीच्या नखाएवढा, विटकरी झाक असलेला तुकडा, पण त्याची किंमत ऐकल्यावर आम्ही तिघांनी तो हातात घ्यायचंच सोडलं. पहिल्या आठवड्यात त्यातून एकच किरण जाऊ दिला, सहज, संरेखन करायला म्हणून. दहा-पंधरा मिनिटांत पडद्यावरचा गोल ठिपका अक्षाच्या दिशेने लांबट होत गेला आणि बाजूला धुरकट पिसारा पसरला. लॅबमधले मामा म्हणाले, "गेला तुमचा खडा." आमच्या पार्टनरचा चेहरा पांढरा पडला. स्फटिक खराब होऊन परत गेला असता तर प्रोजेक्ट तर सोडाच, सरांचा शब्द गेला असता. वर लिहिलेली बेल लॅब्जची कथा आम्ही त्या रात्री, या कारणासाठी, पहिल्यांदा मुळापासून वाचली. दुसऱ्या दिवशी किरणासमोर भिंग धरून तो मोठा केला, स्फटिकाची अख्खी बाजू सारख्या प्रकाशाने उजळवून ठेवली, आणि दुपारपर्यंत ठिपका पुन्हा गोल. तापवायचा पर्यायही होता, पण लिथियम नायोबेटचं तापमान झपकन बदललं की त्याच्या पृष्ठांवर प्रभार साचतो आणि तडा जायची भीती असते. परक्याच्या वस्तूवर तो प्रयोग नको असं ठरलं. कुणी करणार असेल तर मिनिटाला एक-दोन अंशांच्या वर वेग नेऊ नये.

खरा त्रास पुढे झाला, कंपनांचा. पट्टे एक मायक्रॉनचे. दोन किरणांच्या मार्गात तरंगलांबीच्या निम्म्याने, म्हणजे पाव मायक्रॉनने, फरक पडला की उजेडाच्या जागी अंधार येतो आणि तोवर लिहिलेलं पुसायला सुरुवात होते. एखादा आरसा ०.१३ मायक्रॉन मागेपुढे झाला तरी पुरे. आमच्या लॅबच्या मागून डंपर जातात आणि खालच्या मजल्यावर कॉम्प्रेसर चालतो. त्यामुळे लिहिण्याचं काम रात्री एकनंतर. टेबलाखाली मोटारसायकलच्या हवा कमी केलेल्या ट्यूब, त्यावर कडाप्पा, त्यावर आरसे. एसी बंद, पंखा बंद, बोलणं बंद. लेसर कुठलाही चालत नाही हेही सांगून ठेवतो. दोन मार्गांतला फरक लेसरच्या सुसंगती-लांबीच्या आत पाहिजे. दुकानातल्या हिरव्या पॉइंटरने पट्टे उमटले तरी ते नाचत राहतात.

असो. पट्टे जमले की जे दिसतं ते बघण्यासारखं असतं. दोन्ही किरण सारख्या ताकदीने आत सोडले, पण बाहेर पडताना एक तेजस्वी आणि दुसरा फिका. एकाने दुसऱ्याची ऊर्जा घेतली. कारण मघाच्या कॉरिडॉरमध्येच आहे. प्रभार सर्वांत जास्त कुठे? उजेडाच्या आणि अंधाराच्या मधोमध. पण क्षेत्र सर्वांत जास्त कुठे? त्या दोघांच्या सीमेवर. म्हणजे वक्रीभवनांकाची जाळी प्रकाशाच्या पट्ट्यांपेक्षा पाव पट्ट्याने सरकलेली असते. या पाव सरकण्यामुळे जाळीवरून वळलेला प्रकाश एका किरणात भर घालतो आणि दुसऱ्यात वजावट करतो. कुणाला मिळणार हे स्फटिकाच्या अक्षाच्या दिशेवर ठरतं. स्फटिक उलटा ठेवा, देणारा घेणारा होतो. बेरियम टायटनेटमध्ये ही वाढ इतकी जोरदार असते की अशक्त किरण शंभरपटीहून जास्त वाढू शकतो.

आमच्या पडद्यावर जो पिसारा आला होता त्यातही याचा हात असतो. स्फटिकातल्या बारीकसारीक दोषांवरून विखुरलेला प्रकाश मूळ किरणाबरोबर पट्टे तयार करतो आणि त्याचीच ऊर्जा खाऊन मोठा होतो. याला फॅनिंग म्हणतात. लेसरवाल्यांना ते नको असतं, पण १९८२ मध्ये जॅक फाइनबर्ग यांनी बेरियम टायटनेटच्या तुकड्यात एकच किरण सोडून फॅनिंगला कामाला लावलं. पसरलेला प्रकाश स्फटिकाच्या कोपऱ्यावर आपटून परत येतो, स्वतःशीच गाठ घालतो आणि अशी जाळी तयार होते की आलेला किरण जसाच्या तसा आल्या वाटेने परत जातो. हा फेज कॉन्जुगेट आरसा.

साध्या आरशात आणि यात फरक काय? एनसीसीवाल्यांना लगेच कळेल. एका ओळीत पोरं चालली आहेत. मैदानात अर्ध्या भागात चिखल आहे. चिखलातली मागे राहिली, कोरड्यातली पुढे गेली, ओळ वाकडी झाली. साध्या आरशाने ही वाकडी ओळ तशीच परतवली तर मागचे मागेच, आणि परतताना चिखलात आणखी मागे पडणार. पण 'पीछे मुड' दिलं तर सगळ्यांत पुढचा सगळ्यांत मागे होतो. तोच चिखल पुन्हा ओलांडला की ओळ सुरुवातीच्या रेषेवर सरळ. लेसरच्या वर्धकातल्या तापलेल्या काचेने किरणाचा आकार बिघडला असेल तर तो फेज कॉन्जुगेट आरशावरून परत त्याच काचेतून पाठवतात. जाताना बिघडलेलं येताना सुधारतं. फाइनबर्ग यांनी एका मांजराचं चित्र बिघडवून ते परत नीट करून दाखवलं होतं, म्हणून या आरशाला लोक 'कॅट' म्हणतात.

बेरियम टायटनेट नाजूक मात्र भारी. पाच-दहा अंश सेल्सिअसच्या आसपास त्याची रचनाच बदलते, त्यामुळे तो फ्रीजमध्ये ठेवणं म्हणजे संपवणं.

होलोग्राफिक मेमरीबद्दल मुलं नेहमी विचारतात, म्हणून तिच्याबद्दल. जाड स्फटिकात किरणाचा कोन किंचित बदलला की जुना होलोग्राम दिसेनासा होतो आणि त्याच जागेत नवीन लिहिता येतो. १९७५ मध्ये आरसीएच्या प्रयोगशाळेत एका स्फटिकात ५०० होलोग्राम बसवले. १९९३ मध्ये ५००० झाले. १९९४ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने डिजिटल माहिती लिहून परत वाचून दाखवली. तेव्हा वाटत होतं की सीडीनंतर हेच येणार. आलं नाही. कारण तेच, उजेडाने लिहिलेलं उजेडानेच पुसतं. वाचायला किरण सोडला की थोडं पुसलं. नवा होलोग्राम लिहिला की जुने सगळे थोडे फिके झाले, त्यामुळे पहिला सर्वांत जास्त वेळ आणि शेवटचा सर्वांत कमी वेळ लिहावा लागतो. उपाय आहेत. तापवून प्रोटॉन सरकवून नक्षी पक्की करता येते, हे १९७१ पासून माहीत आहे. १९९८ मध्ये बूसे, अदिबी आणि प्साल्टिस यांनी लोह आणि मँगनीज दोन्ही मिसळले. लिहिताना अतिनील आणि लाल प्रकाश एकत्र, वाचताना नुसता लाल, जो खोल गेलेल्या इलेक्ट्रॉनला उठवू शकत नाही. पण तोपर्यंत हार्ड डिस्क इतकी स्वस्त झाली होती की स्फटिकाकडे बघायला दुकानदाराला वेळ नव्हता. तरी विषय मेला नाही. २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टच्या केंब्रिजमधल्या संशोधकांनी क्लाउडच्या साठवणीसाठी लिथियम नायोबेटचाच प्रयोग पुन्हा पुढे आणला.

माझ्या मते जास्त उपयोगी काम दुसरीकडे झालं. यंत्राच्या भागातला आतला तडा शोधायला लेसरच्या झटक्याने त्यात अल्ट्रासाउंड उठवतात आणि पृष्ठभागाची थरथर दुसऱ्या लेसरने मोजतात. कारखान्यातला पृष्ठभाग खडबडीत, जमीन हलणारी. साधा इंटरफेरोमीटर तिथे टिकत नाही. फोटोरिफ्रॅक्टिव्ह स्फटिक वापरला तर खडबडीत पृष्ठभागावरून आलेल्या प्रकाशाचा होलोग्राम तो स्वतःच लिहितो, आणि जमीन हळूहळू हलली तर तो पुसून नवा लिहितो. मेगाहर्ट्झची थरथर मात्र त्याला गाठता येत नाही, म्हणून तेवढीच सिग्नलमध्ये उरते. म्हणजे ज्या संथपणापायी आम्ही रात्ररात्र श्वास रोखून बसलो, तोच इथे फिल्टर. यासाठी गॅलियम आर्सेनाइड, बिस्मथ सिलिकॉन ऑक्साइड असे जरा चपळ स्फटिक घेतात.

आणि ज्यांना हा परिणाम अजिबात नको आहे, त्यांनीही बंदोबस्त केलाय. वारंवारता दुप्पट करणाऱ्या लिथियम नायोबेटमध्ये पाच टक्क्यांच्या आसपास मॅग्नेशियम ऑक्साइड मिसळतात, नाहीतर स्फटिक छोट्या भट्टीत गरम ठेवूनच वापरतात, म्हणजे प्रभार साचायच्या आत वाहून जातो.

पुढच्या बॅचला यावर काम करायचं असेल तर एकच किरण आणि एक फोटोडायोड घेऊन सुरुवात करा. दर दहा सेकंदांनी मधल्या ठिपक्याची तीव्रता लिहा, मग लेसरची ताकद निम्मी करून तेच पुन्हा करा. वक्र सारखाच येतो, फक्त वेळ साधारण दुप्पट लागतो. आमच्या नोंदवहीत सतरा वक्र आहेत, ती डिपार्टमेंटच्या लायब्ररीत ठेवली आहे. स्फटिक एकविसाव्या दिवशी, एकही चरा न पडता, परत गेला.